बाबांना विचार

इटलीला जायचं आम्ही दोघांनी ठरवलं नव्हतं. ते मुलीनं ठरवलं, हॅम्बुर्गहून, फोनवर. ऑक्टोबरात ती तिकडे शिकायला गेली आणि दक्षिण जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या घरात मी आणि नवरा असे दोघंच उरलो. जूनमध्ये आठवडाभर सुट्टी काढा आणि समुद्रावर जा, असं तिनं सांगितलं. सांगितलं अर्थात जर्मनमध्ये. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर कायम जर्मनमध्ये येतं. इथे मी तिचं बोलणं मराठीतच लिहिणार आहे, नाहीतर माझ्याच वाचकांना दुभाष्या लागायचा.

दुभाष्या आमच्या घरात होताच म्हणा. आमच्याकडे नवरा-बायको एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, तशी पद्धत पडली आहे. मुलगी झाली तेव्हा सासूबाई पुण्याहून बाळंतपणाला आल्या. नवरा माझा कॉलेजपासूनचा मित्र, त्याला मी अरे-तुरे करत आले. सासूबाईंसमोर ते बरं दिसेना. एकदा धीर करून "अहो" म्हणून पाहिलं, तर हा गाढव मोठ्यानं हसला. मग मी पाळण्याकडे तोंड करून बोलायला लागले. "बाबांना सांगा, डायपर संपले." त्यालाही ते सोयीचं वाटलं. "आईला सांगा, आणतो." सासूबाईंना भारी कौतुक. व्हिसा संपला, त्या परत गेल्या, पद्धत मात्र राहिली.

पुढे पाळण्यातली बोलायला लागली आणि खरोखरच निरोप पोचवू लागली. "बाबांना विचार, चहा घेणार का," असं मी स्वयंपाकघरातून म्हणायचे. ती बाहेर जाऊन यायची आणि सांगायची, "बाबा विल टे." म्हणजे, बाबांना चहा हवाय. दुकानात आम्ही पांगलो की नवरा फक्त मुलीच्या नावानं हाक मारायचा. त्या एका हाकेवर आम्ही दोघी यायचो. तो गिअरबॉक्सचा इंजिनिअर आहे, एका कामात दोन कामं झाली की त्याला बरं वाटतं.

मे महिन्यात एकदा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा वोल्फ्सबुर्गला जाणार म्हणजे तू एकटीच का घरी?" मला काही माहीतच नव्हतं. त्याला तिथल्या कारखान्यात दोन वर्षांचं प्रोजेक्ट देऊ केलं होतं. सोमवार ते गुरुवार तिकडे खोली घेऊन राहायचं, शुक्रवारी घरी. हे त्यानं मुलीला सांगितलं होतं. मला नाही. माझं डोकं फिरलं. "जायचं तर जा म्हणावं," मी म्हणाले. "मला काय फरक पडतो!" आणि फोन आपटला. नंतर एकच कढई मी दोनदा घासली.

त्याला ऑफिसात हो-नाही कळवायचं होतं इटलीहून परतल्यावर, सोमवारी. तेही मला मुलीकडूनच कळलं. मी मनाशी पक्कं केलं की आपण विचारायचं नाही. ह्यानं आपणहून सांगितलं पाहिजे. नको जाऊस, हे मला म्हणायचं होतं, पण विचारल्याशिवाय कशी म्हणणार? दशम्या, लसणाची चटणी आणि हा निश्चय घेऊन मी गाडीत बसले.

गोटहार्डच्या बोगद्याआधी श्टाउ लागला. जर्मनीत इतकी वर्षं राहिल्यावर वाहतूक तुंबली असं कोणी म्हणत नाही, श्टाउच म्हणतात. गाडी जागची हलेना. नवऱ्यानं गाडीच्या स्पीकरवर मुलीला फोन लावला.

"आईला विचार, कुठे थांबायचंय का."

"आई तुमच्या शेजारी नाही बसली?"

"बसलीय. काळा चष्मा घातलाय, झोपलीय की जागी ते कळत नाही."

"आई, तुला टॉयलेटला जायचंय?"

"बाबांना सांग, बोगदा झाल्यावर बघू," मी म्हणाले.

म्हणजे माझं बोलणं स्वित्झर्लंडातून हॅम्बुर्गला गेलं आणि तिथून पुन्हा स्वित्झर्लंडात, माझ्यापासून हातभर अंतरावर, येऊन पोचलं. आम्हाला दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

लेवान्तोला आम्ही खोली घेतली होती. तिथून ट्रेननं किंवा बोटीनं शेजारची ती कड्याला चिकटलेली रंगीत गावं पाहायची. जग तिथे समुद्र पाहायला येतं. माझा नवरा समुद्राकडे पाठ करून उभा राहिला, कारण एका गावात उतारावर छोटी क्रेन होती आणि लोक तिनं होड्या पाण्यातून वर उचलत होते. त्यानं तिचा व्हिडिओ काढला, वर मुलीसाठी मराठीत समालोचन केलं. दोर कुठून येतो, भार कसा वाटला जातो वगैरे. मी बाजूलाच उभी होते, मला ते फुकटात ऐकायला मिळालं. पुढच्या बोळात त्याला आपल्याकडे असतो तसा तीनचाकी टेम्पो दिसला. त्यात लिंबं भरलेली होती. हा माणूस वाकून त्याच्या खाली बघायला लागला तेव्हा टेम्पोवाला घाबरला. मी वाळत घातलेल्या चादरींचे आणि मांजरांचे फोटो काढले. आम्ही दोघांनीही आपापले फोटो आमच्या तिघांच्या ग्रुपवर टाकले. संध्याकाळी एकाच टेबलाशी बसून मी फोनवर त्याचा टेम्पो बघितला, त्यानं माझी मांजरं बघितली.

त्याच टेबलाशी गोंधळ झाला. त्याच्या पुढ्यात काहीतरी भाजलेलं आलं, वर हिरवं वाटण, आत काय ते कळेना. तो शाकाहारी, मी सगळं खाणारी. त्यानं खाली मान घालून टाइप केलं. माझा फोन वाजला. ग्रुपवर लिहिलं होतं, "आईला विचार, ह्यात मासे आहेत का. तिला वासावरून कळेल."

मी मुलीच्या निरोपाची वाट पाहत बसले. खरंच बसले.

उत्तर आलं ते असं. "शुक्रवारी माझी क्लाउझुअर आहे. मला अभ्यास आहे. तुम्ही समोरासमोर बसला आहात. एकमेकांशी बोला." आणि त्याखाली बारीक अक्षरात, ती ग्रुप सोडून गेल्याची सूचना. परीक्षेनं आमचं पोस्ट ऑफिस बंद पाडलं होतं.

दोघांचे फोन एकदमच वाजले होते. दोघांनी ते एकदमच उलटे ठेवले.

"आल्झो," तो म्हणाला. म्हणजे, तर मग. ऑफिसात मीटिंगची सुरुवात तो अशी करतो.

"आहेत," मी म्हणाले.

"काय?"

"मासे."

त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं आणि पावाची टोपली स्वतःकडे ओढली. मी मासे खाल्ले. चांगले होते, आपल्या मांदेलीसारखे. पण सरळ सांगायचं तर मला भीती वाटत होती. मुलगी काही आता घरी राहायला येणार नव्हती. पुढची सगळी वर्षं ह्या माणसाशी मी काय बोलणार होते? त्यात तो चार-चार दिवस तिकडे राहायला लागला की हे "मासे आहेत" एवढंही उरायचं नाही. त्याच्याकडे पाहिलं तर तो पावाचे तुकडे ओळीत लावत होता. सांग ना आता, मी मनात म्हणत होते. त्यानं बिल मागवलं.

दुसऱ्या दिवशी वेर्नात्साच्या धक्क्यावर आम्ही मोन्तेरोस्सोला जाणाऱ्या बोटीच्या रांगेत उभे होतो. ऊन मी म्हणत होतं. मी लिंबाचं सरबत घ्यायला गेले. परत येते तर रांग पुढे सरकलेली आणि नवरा फळीवरून लोटला जाऊन बोटीत पोचलेला. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, काखेत माझी टोपी. त्यानं धक्क्यावर नजर फिरवली, आणि मोठ्यानं हाक मारली.

मुलीच्या नावानं.

मी सवयीनं वळलेसुद्धा. आणि वळले ह्याचाच मला भयंकर राग आला. जिला हा हाका मारत होता ती हॅम्बुर्गला पुस्तकात डोकं घालून बसली होती. मला रीतसर नाव आहे, पासपोर्टवर आहे, चांगलं आहे, माझ्या आत्यानं ठेवलेलं आहे. त्यानं पुन्हा तीच हाक मारली. मध्ये चार पावलांचं अंतर असेल. मी हलले नाही. सरबत प्यायले.

खलाशानं फळी ओढून घेतली आणि बोट सुटली. कठड्याशी उभा राहून नवरा बाटल्या हलवत होता.

थोड्या वेळानं माझा फोन वाजला. ग्रुपवर होतं, "आईला सांग, हे लोक बोट थांबवत नाहीत. मी मोन्तेरोस्सोला उतरतो. तिनं ट्रेननं यावं. ऊन फार आहे आणि टोपी माझ्याकडे आहे, तिला सावलीत थांबायला सांग."

ग्रुपमध्ये आता फक्त आम्ही दोघं होतो. हे त्याच्या लक्षात नव्हतं.

मी लिहिलं, "आईनं वाचलं."

बोट कड्याला वळसा घालत होती. ती दिसेनाशी झाली तेव्हा आलं, "वोल्फ्सबुर्गचं मी काय करू?"

आता मध्ये समुद्र होता, त्यामुळे साहेबांना कंठ फुटला होता. मी खूप काही टाइप केलं आणि सगळं पुसलं. शेवटी लिहिलं, "समोर येऊन विचार." आणि स्टेशनकडे धावत सुटले.

ट्रेन बोगद्यात शिरली आणि लगेच मोन्तेरोस्सो आलं. स्टेशनापासून धक्का बराच लांब निघाला. मी घामाघूम होऊन पोचले तेव्हा बोट नुकतीच लागली होती. नवरा सगळ्यात शेवटी उतरला, कारण तो प्रत्येक म्हाताऱ्या जर्मन जोडप्याला आधी वाट देत होता. माझ्याजवळ आला आणि आधी टोपी दिली.

"विचारू?"

"विचार."

"मी जाऊ का?"

"नको."

एवढं बोलायला काही लागलं नाही.

"पण तूच जा म्हणालीस."

"मी? कधी?"

"तिनं सांगितलं. आई म्हणते, जायचं तर जा, तिला काही फरक पडत नाही."

मुलीनं एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. हेच म्हणाले होते मी. फक्त तिनं ते जर्मनमध्ये, शांत आवाजात, अभ्यासाच्या मधल्या सुट्टीत सांगितलं असणार. माझा आपटलेला फोन आणि ती कढई त्यात पोचली नव्हती.

"मला ते खरंच वाटलं," तो म्हणाला. "हिवाळाभर बघतोय ना. मी कामावरून येतो तेव्हा तू तिच्याशी फोनवर हसत असतेस. मी आलो की फोन ठेवून देतेस. मी आठवड्यात चार दिवस नसलो तर तुला जरा बरं वाटेल, असं वाटलं."

"अरे येड्या, तू आलास की जेवायला वाढायचं असतं म्हणून मी फोन ठेवते!"

हे म्हणताना मला रडू आलं. धक्क्यावर, सगळ्या पर्यटकांच्या मध्ये. त्यानं मला जवळ घ्यायला हात पुढे केले, पण हातांत बाटल्या होत्या. त्या खाली ठेवाव्यात हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं बाटल्यांसकट मिठी मारली. पाठीला गार लागलं.

"मग नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला.

"तुला जायचं होतं का पण?"

"काम चांगलं होतं. पण तिकडे त्या खोलीत संध्याकाळी मी काय करणार होतो?"

"आणि पुन्हा हाक मारशील तर मला मार," मी म्हणाले. "माझ्या नावानं."

दुपारी किनाऱ्यावर त्यानं काही कारण नसताना दोनदा माझ्या नावानं हाक मारून पाहिली. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ते ऐकताना ऑफिसातलं कोणी बोलावतंय असं वाटत होतं. तिसऱ्यांदा जरा बरं जमलं.

शनिवारी परत निघालो. गोटहार्डच्या अलीकडे पुन्हा श्टाउ. गाड्या बंद करून लोक खाली उतरून उभे होते. आम्ही उरलेल्या दशम्या काढल्या. तो मला त्या होडीच्या क्रेनबद्दल सांगत होता, म्हणजे मीच विचारलं होतं. व्हिडिओच्या वेळी मला एक शंका आली होती, पण तेव्हा समालोचन माझ्यासाठी नव्हतं. भरलेली होडी तिरकी झाली तर दोर एकाच बाजूला ओढला जात नाही का? त्याला प्रश्न फारच आवडला. स्टिअरिंगवर चटणीची पुडी ठेवून, दोन दशम्यांची होडी करून तो समजावायला लागला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलीचा मेसेज होता. मी मोठ्यानं वाचून दाखवला. "क्लाउझुअर झाली, बरी गेली. मला ग्रुपमध्ये परत घ्या ना."

नवऱ्यानं दशमी हवेत धरली होती.

"तिला सांग, जरा थांब," तो म्हणाला. "आईशी बोलतोय."

मी तेच शब्द तसेच टाइप केले, फोन पर्समध्ये टाकला आणि म्हणाले, "हं. मग तिरकी झाली की?"