कोंदणाचा रकाना

त्या दुकानात मी तीनदा गेले. दोनदा त्याच्याबरोबर आणि एकदा त्याच्या आईबरोबर. तिन्ही वेळा प्रश्न एकच होता, साखरपुड्याच्या अंगठीत हिरा कसा बसवायचा. एवढ्याशा प्रश्नाला मी इतके दिवस लावले की उत्तर ऐकायला तो राहिला नाही.

हिरा काकूंचा होता. काकू म्हणजे त्याची आई. त्यांच्या आईने त्यांना लग्नात दिलेली, एकेका खड्याची कानातली. त्याचे वडील गेले तेव्हा नात्यातल्या कुणीतरी ती काढायला सांगितली, तर काकू म्हणाल्या होत्या, "ही माझ्या आईची आहेत, नवऱ्याची नाहीत." आणि ती कानात राहिली. कारखान्याची नोकरी वडिलांची आधी, मग त्याची; इंद्रपुरीतलं घर तेच. त्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंनी मला पोह्यांची बशी दिली, समोर बसल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "अंगठीला हिरा विकत आणायचा नाही हं. माझ्या कानातला एक काढू. दुसरा तुमच्या मुलीला."

"आणि मुलगा झाला तर?" त्याने आतून विचारलं.

"तर त्याच्या बायकोला. तू पोहे खा."

श्रावणात आम्ही चौकातल्या त्या जुन्या दुकानात गेलो. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर बाहेर लावून चालत जावं लागलं. दुकानाचे मालक सेठजी म्हातारे होते, डोळ्याला भिंग लावून, या शहरातल्या सगळ्यांसारखं हिंदीत बोलत. त्यांनी कारागिराकडून एका कानातल्यातला खडा काढून घेतला, पांढऱ्या कागदावर ठेवला आणि दोन नमुन्यांच्या अंगठ्या पुढे केल्या. एकीत खडा चार काट्यांनी वर उचलून धरलेला, चारही बाजूंनी मोकळा. हे उघडं कोंदण. दुसरीत खड्याच्या भोवती सोन्याची कड, गोल, सलग, खडा तिच्यात बुडालेला. हे बंद.

"ये खुली, ये बंद. खुली में चमक ज़्यादा, बंद में हिफ़ाज़त ज़्यादा. बाक़ी आप लोग समझो," सेठजी म्हणाले.

त्याने लगेच उघड्यावर बोट ठेवलं. मी बंदवर.

माझी कारणं सरळ होती. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. दिवसभर हात पुस्तकांत असतो, त्यातली काही इतकी जुनी आहेत की पान नखानेसुद्धा फाटतं. काटे अडकतात. पानांना, ओढणीला, केसांना. आणि एखादा काटा वाकला तर खडा कुठे पडला हेही कळायचं नाही. काकूंच्या आईचा खडा.

"हिला प्रत्येक गोष्टीला कव्हर घालायचं असतं," तो सेठजींना म्हणाला. "सेठजी, ब्राउन पेपर मिलेगा? अंगूठी पे चढाना है."

सेठजी हसले नाहीत. "मैडम ठीक कह रही हैं," ते म्हणाले. त्याचा चेहरा पडला आणि मी हसले.

"मला थोडे दिवस दे," मी म्हटलं. खडा दुकानातच ठेवला. सेठजींनी पावती केली, त्याने सही केली. काकूंनी दुसरं कानातलंही काढून ठेवलं, एकच घालून कसं फिरणार. अंगठी झाली की उरलेला खडा, नात होईपर्यंत, कशात घालायचा ते बघू म्हणाल्या. तोवर त्यांचे कान मोकळे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. साखरपुडा गणपतीच्या आधी करायचा असं ठरत होतं.

मी ठरवायला वेळ लावते. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. साडीच्या दुकानात माझी आई मला सोडून चहा प्यायला जाते. पण इथे मी नुसती रेंगाळत नव्हते, मला तो वाद आवडायला लागला होता. आम्ही दोघंही तिशी ओलांडलेले, एका नातेवाइकाच्या ओळखीने भेटलेले. एकमेकांशी जपून, नीट वाक्यं करून बोलायचो. कोंदणावरून पहिल्यांदा भांडलो, आणि भांडताना तो मला 'अगं ए' म्हणाला. मग रोज संध्याकाळी फोनवर तेच. तो उघड्याची बाजू मांडायचा, मी बंदची. मला वाटायचं, हे संपलं की पुन्हा नीट वाक्यं सुरू होतील.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गणपती चार दिवसांवर होते. मी दोन्ही नमुने बोटात घालून पाहिले, काढले, पुन्हा घातले. तो बाजूच्या स्टुलावर बसला होता. नेहमीसारखं चिडवलं नाही त्याने. म्हणाला, "तुला एक सांगू? लहानपणी दुपारी लाइट जायची. आई मला मांडीवर घेऊन पेपरने वारा घालायची. खिडकी तिच्या मागे. मी खालून बघायचो, तर कानातल्या खड्यातून उजेड पलीकडून यायचा. लाल, हिरवा, सगळा. मला वाटायचं आईच्या कानात बल्ब आहे. लाइट नाही तरी हा चालू."

मी ऐकलं. ते मला फार आवडलं होतं. पण मी म्हटलं, "अंगठी कोण मांडीवर झोपून बघणार आहे?"

"बघेल की कुणीतरी," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता सेठजींकडे बघत राहिला.

त्या दिवशीही ठरलं नाही. गणपतीत तो मराठी मंडळाच्या मंडपात साउंड सांभाळायचा, मला लायब्ररीत पुस्तकांची मोजणी होती. विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन केला, की येत्या रविवारी आम्ही दोघं दुकानात जाऊन सांगून टाकतो. काकू म्हणाल्या, "आता कुठे गं. पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात सोनं घडवायला टाकत नाहीत. आता घटस्थापनेलाच."

त्याने फोन घेतला. "मॅडम, पूर्वजांच्या कृपेने पंधरा दिवस वाढवून मिळालेत. आता तरी ठरवा."

सहाव्या दिवशी त्याला ताप आला. डासांचे दिवस होते, वसाहतीत घरटी कुणीतरी पडलेलं होतं. दोन दिवस घरी काढले, मग दवाखान्यात हलवलं. तिथे भेटायला पास लागायचा. खिडकीवरच्या बाईने कागद पुढे सरकवला. पेशंटचं नाव, तुमचं नाव, पेशंटशी नातं. त्या शेवटच्या रकान्यापाशी मी पेन धरून उभी राहिले. मागच्या माणसाने घसा खाकरला. मी 'परिचित' असं लिहिलं. बाईने वाचलं आणि म्हणाली, "सिर्फ़ घर वाले, मैडम."

काकूंनी आतून निरोप पाठवला तेव्हा दहा मिनिटं सोडलं. तो झोपला होता. बोटं सुजली होती. त्याची बोटं मी तेवढ्या शांतपणे त्याआधी कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मेसेज आला. 'ठरलं का?' एवढाच.

मी लिहिलं, 'आधी बरा हो. मग सांगते.'

माझं ठरलं होतं, त्याचा चेहरा बघायला मिळावा म्हणून मी सांगितलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. ठरलं नव्हतं. मला वेळ आहे असं वाटत होतं.

घटस्थापनेला चार दिवस असताना तो गेला.

तेराव्याला मी आईबरोबर इंद्रपुरीला गेले. बायका आत बसल्या होत्या, मी दाराजवळ. काकूंच्या नात्यातल्या एक बाई दुसरीला हळू विचारत होत्या, "ही कोण?" दुसरी म्हणाली, "ऑफिसातली असेल." पहिली म्हणाली, "बिचारी किती रडतेय." मी डोळे पुसले. ऑफिसातलीने किती रडावं याचा काही अंदाज मला नव्हता. साखरपुडा झाला असता तर मला आत, काकूंच्या शेजारी बसवलं असतं. माझ्याबद्दल वाईट बोलणाऱ्यांनाही मी कोण हे ठाऊक असतं. गणपतीच्या आधी मी 'बंद' किंवा 'उघडं' एवढा एक शब्द बोलले असते तर. हाच विचार मी दाराजवळ बसून करत होते, आणि पुढे दिवाळीभर केला.

दिवाळीनंतर काकूंचा फोन आला. दुकानातून दोनदा विचारणा झाली होती, खड्याचं काय करायचं. सेठजींना काही माहीत नव्हतं. "चल माझ्याबरोबर," काकू म्हणाल्या. "खडा तुझा आहे. अंगठी कर, नाहीतर आणखी काही कर. पण तो तिथे पुडीत नको राहायला."

आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाग सेवनियातलं आमचं घर लहान आहे, काही लपत नाही.

"अंगठी करणार तू?"

"हो."

"आणि बोटात घालणार."

"हो."

"मग पुढे कुणी विचारायला आलं तर काय सांगायचं मी?" तिने गॅस बंद केला. "तो चांगला होता गं. मला काय कळत नाही? पण तू एकतीस वर्षांची आहेस."

मला अंगठी हवी होती. कुणी विचारलं 'ही कोण' तर दाखवायला काहीतरी हवं होतं. कोंदण कुठलंही चाललं असतं आता.

सेठजींनी काकूंना पाहून हात जोडले. बातमी काकूंनीच सांगितली, दोन वाक्यांत. सेठजींनी भिंग खाली ठेवलं. मग ड्रॉवरमधून पाकीट काढलं. आत पांढऱ्या कागदाची पुडी, तिच्याबरोबर रिकामं कानातलं, आणि पावती.

पावतीवर त्याची सही होती. वजन लिहिलेलं, बोटाचं माप लिहिलेलं. 'सेटिंग', म्हणजे कोंदणाच्या, रकान्यात मात्र काही नव्हतं, एक कोरी रेघ.

"साहब आए थे एक बार अकेले," सेठजी म्हणाले. "गणपति के दिनों में. मैंने कहा, आप ही बोल दो, बना देता हूँ, टाइम निकल रहा है. बोले, नहीं. मैडम से पूछे बिना मत करना. जितना टाइम लगे."

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. समोर काउंटरवर गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला आरसा होता, त्यात त्या दिसत होत्या. कानांच्या पाळ्यांना दोन लांबट भोकं, इतक्या वर्षांच्या वजनाने ओघळलेली. त्यांत काहीच नव्हतं. श्रावणापासून नव्हतं. मी रोज फोनवर भांडत होते तेव्हाही नव्हतं, तेराव्यालाही नव्हतं, आणि मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"बहू है आपकी?" सेठजींनी काकूंना विचारलं.

काकूंनी क्षणभर विचार केला. "मेरी है," म्हणाल्या.

कुठल्याही रकान्यात मावलं असतं ते. मी आरशातून नजर काढली आणि म्हटलं, "काकू, अंगठी नको. खडा तुमच्या कानातल्यात परत बसवू."

"अगं मला काय करायचंय आता? मुलगा गेला आणि ही नटून बसली म्हणतील."

"म्हणू देत. तुमच्या आईची आहेत ना?"

काकूंनी पर्स उघडली. रुमालाच्या कोपऱ्यात बांधलेलं दुसरं कानातलं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. म्हणजे तेही त्या बरोबर घेऊन आल्या होत्या. मला द्यायला की कशाला, ते मी विचारलं नाही.

कारागिराने रिकामं कानातलं उजेडात धरलं. खडा काढताना वाकवलेल्या काट्यांपैकी एक मुळाशी चिरला होता. जुनं सोनं, तो म्हणाला, आता हे काटे परत मिटले तर भरवसा नाही. नवा काटा जोडून बघता येईल. नाहीतर चारही कापून भोवती कड लावली तर कायमचं पक्कं. दुसऱ्याशी जुळणार नाही, पण कानात कोण एवढं बघतं?

सेठजींनी पावती माझ्याकडे फिरवली. "तो बंद कर दें, मैडम? आप तो पहले से बंद ही कह रही थीं."

त्यांच्या लक्षात होतं.

"नहीं," मी म्हटलं. "खुली."

सेठजींनी रेघेवर लिहिलं आणि मी खाली सही केली, त्याच्या सहीच्या शेजारी, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

आठ दिवसांनी मी लायब्ररीतून थेट इंद्रपुरीला गेले. चार वाजले असतील. काकूंनी दार उघडलं, कानातली घातलेली होती. आम्ही त्याबद्दल काही बोललो नाही. मी दिवाणावर बसले. काकू चहा घेऊन आल्या आणि पश्चिमेच्या खिडकीकडे पाठ करून, माझा कप ठेवायला वाकल्या. ऊन त्यांच्या मागून आलं. खड्यातून माझ्या बाजूला लाल सांडलं, मग त्या जरा हलल्या तर हिरवं.

मी ते बघत राहिले. मला फोन उचलून कुणालातरी सांगायचं होतं की तुझं बरोबर होतं.

"काय बघतेस?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. छान दिसतंय."

"हं," त्या म्हणाल्या आणि समोर न बसता तिथेच, खिडकीला पाठ करून बसल्या. चहा संपेपर्यंत हलल्या नाहीत.