एका वेळी एकच मुंडकं

पैलवान संगणकापुढे बसण्याआधी शड्डू ठोकत. त्या आवाजाने शेजारच्या खोलीत टायपिंग शिकणाऱ्या मुली दचकत. मग ते खुर्चीवर टेकत आणि विचारत, "मास्तर, आज कुणाला हाणायचं?"

नव्वदच्या दशकात मी बारामतीत संगणकाचा क्लास काढला. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी एकविसाव्या शतकावर तासभर भाषण केलं आणि बंद असलेल्या संगणकाला हार घातला. खालच्या मजल्यावर बँक होती. पैलवान तिथले रखवालदार. मूळचे शेळगावचे. संध्याकाळी ड्युटी संपली की वर येत. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल: दारातून येताना वाकावंच लागतं, तर त्यातच सगळ्यांना नमस्कार उरकून घेणारा.

मी त्यांना तलवारींचा आणि राक्षसांचा एक खेळ दाखवला आणि ते अडकले. चौघांची टोळी घेऊन भुयारात उतरायचं: योद्धा, जादूगार, पुजारी, तिरंदाज. योद्धा त्यांचा, बाकी तिघे माझे. योद्ध्याचं नाव त्यांनी 'शेळगावकर' ठेवलं. जादूगाराला ते 'भाषणवाला' म्हणत. "बोलतो लई, अन् एका ठोशात आडवा." तेव्हाच्या नियमांप्रमाणे ते खरंच होतं. भाषणवाला दिवसाला दोन मंत्र म्हणे, मग नुसतं ओझं. शेळगावकर मात्र वर्षभर लढून असा तयार झाला होता की किरकोळ शत्रूंनी घेरलं, तर एका डावात आठ वार करी. आठ मुंडकी उडत. पडद्यावर लाल ठिपके पसरत आणि पैलवानांच्या तोंडून "आगाऽऽ" असा आवाज निघे, जणू मानेवरचा घट्टा कुणीतरी चोळतंय.

मग पुण्याहून त्या खेळाचा नवा भाग आला. जुना योद्धा त्यात नेता येत होता, पण नियमांची आवृत्ती नवी होती. मी पुस्तिका वाचून सांगितलं, "आता योद्ध्याला एका डावात एकच वार. समोर कुणीही असो."

"आन् भाषणवाल्याला?"

"त्याचा जाळ अनुभवाबरोबर वाढत जाणार. वीस माणसं एकदम भाजतील."

"ह्ये का म्हनून?"

"समतोल राखायला, असं लिहिलंय."

पैलवानांनी खुर्ची मागे सरकवली. मग पँट वर करून त्यांनी गुडघा दाखवला. सांध्याची वाटी एका बाजूला सरकलेली होती. "ह्यो बी समतोलच," ते म्हणाले. मातीतल्या कुस्तीत एकच कलम होतं: पाठ लागली की हरला. मग गादी आली, गुण आले, मिनिटं आली. इंदापूरकडच्या एका पोराला त्यांनी खाली दाबून धरलं होतं. पंचांची शिट्टी वाजली, गुण पोराचे जास्त भरले. पैलवानांनी पकड सोडली नाही. पोराने जिवाच्या आकांताने अंग पिळलं आणि पैलवानांचा गुडघा उसाच्या कांडीसारखा मोडला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला म्हणे.

"शेळगावकरचं काम ऱ्हायलं न्हाय, तर मी हितं कशाला येऊ, मास्तर?"

चार दिवसांनी ते अर्ज घेऊन आले. 'योद्ध्यांवरील अन्याय दूर होणेबाबत.' खाली बारा पैलवानांच्या सह्या आणि तालमीचा गोल शिक्का. मी त्याचं इंग्रजी करून खोक्यावरच्या अमेरिकेच्या पत्त्यावर पाठवलं. उत्तर आलं नाही. आपल्याकडच्या कचेऱ्यांना उगाच नावं ठेवतात.

शेवटी ते नव्या भागात उतरलेच. पहिल्याच किल्ल्यात लांडग्यांच्या तोंडाची वीस माणसं अंगावर आली. पैलवानांनी शेळगावकरला एकट्याला दारात उभं केलं. माझे तिघे त्याच्या मागे. त्याने एकाची मान उडवली. तेवढ्यात तिघांनी त्याला भोसकलं. पुन्हा एक मुंडकं, पुन्हा तीन भाले. आधी खांदा फाटला, मग पोट. जिवाचा आकडा चाळीसवरून अकरावर आला.

"पैलवान, मागं घ्या त्याला!"

"घेतला तर ही समदी आत घुसतील. तुमचा जाळ कुठवर जातोय?"

मी जाळाचं वर्तुळ पडद्यावर मांडलं. उरलेले सगळे त्यात बसत होते. मधोमध शेळगावकर.

"तोही जळेल."

"त्यो धरून हाय तवर टाका."

"पैलवान—"

"टाका म्हनतो न्हवं!"

मी कळ दाबली. पडदा पिवळा झाला. किंकाळ्यांवर किंकाळ्या आल्या आणि छोट्या स्पीकरचा आवाज फाटला. पिवळं ओसरलं तेव्हा दारात, आधी पडलेले धरून, एकवीस काळे ढीग होते. माझ्या तिघांना ओरखडाही नव्हता.

"पुजारी त्याला उठवू शकतो," मी म्हणालो. "तसा मंत्र आहे."

"न्हाय. त्याचं काम झालं." त्यांनी पडद्याकडे नीट पाहिलं. "व्हय मास्तर, पुढं कुनीतरी लागतंयच की," असं म्हणून ते उठले.

पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. पुन्हा भेट नाही. खेळ मी एकट्याने पुरा केला. टोळीच्या यादीत पहिलंच नाव मेलेल्याचं होतं, करड्या अक्षरात. त्याला काढून दुसरा योद्धा घ्यावा असं पुस्तिका सुचवत होती. मी घेतला नाही. पुढची सगळी भुयारं आम्ही तशीच पार केली: मागे तिघे जिवंत, आणि सगळ्यांच्या पुढे शेळगावकर.