द्वारकामावशीच्या दारावरची नावं

द्वारकामावशी गेल्याचं मला आईनं फोनवर सांगितलं. परभणीच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, तिथला दुसरा तास संपवून मी नुकतीच बाहेर आले होते. "सुजाता, द्वारका गेली गं… चुलीवर चहा ठेवला आन् बसल्या जागी गेली," एवढंच आई म्हणाली. बातमीचा धक्का होताच, पण आईच्या तोंडून ते नाव ऐकल्याचाही होता. गेल्या लोकसभेपासून तिनं मावशीचं नाव घेतलं नव्हतं, आणि आमच्या दोन घरांत अंतर जेमतेम वीस पावलांचं. या गोष्टीला आता दीड महिना झाला. आमच्या गावाबाहेर मावशीला ओळखणारं कुणी नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ती माझी नात्यानं मावशी नव्हती. राणीसावरगावपासून जवळच आमचं गाव. तिथं ती लग्न होऊन आली आणि चारेक वर्षांत नवरा तिला सोडून निघून गेला, तो परत आला नाही. माहेरी जाऊन भावांच्या जिवावर बसायचं नाही म्हणून ती सासरच्या गावीच एका खोलीत राहिली. शाळेत खिचडी शिजवायची, मोसमात शेतात मजुरीला जायची. ती सातवी शिकलेली होती आणि वस्तीतल्या बायकांत तेवढं शिकलेली ती एकटीच. मी बारावी झाल्यावर वडील म्हणाले, आता पुरे. तेव्हा मावशी आमच्या उंबऱ्यात येऊन बसली. "दाजी, पोरगी उद्या गंगाखेडला माझ्यासंगं येणार हाय. तुमाला काय बोलायचं ते आमी आल्यावर बोला." एसटीच्या खिडकीशी तिनं मला बसवलं आणि स्वतः वाटभर उभी राहिली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, त्याची सुरुवात त्या एसटीत आहे.

संध्याकाळी ती बायकांना सही शिकवायची. साक्षरता वर्गाला फळा मिळणार होता, तो काही आला नाही. मग तिनं आपल्या खोलीचं दारच आतून काळ्या रंगानं रंगवलं. दार लावलं की वर्ग सुरू. पहिल्याच दिवशी माझी आई अडून बसली. आमच्याकडे कित्येक घरांत लग्नात नवरीचं नाव बदलतात, तसं आईचंही बदललं होतं. माहेरची गया सासरी निर्मला झाली. "निर्मला म्हणून सगळे हाका मारायलेत, ते कशाला शिकू? माझ्या मायनं ठेवलेलं शिकव," आई म्हणाली. मावशी हसली आणि तिनं दारावर 'गया' लिहून दिलं. आईचं बघून आणखी तिघींनी माहेरचं नाव धरलं. माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आईची सही 'गया' अशीच आहे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

लोकसभेला उभं राहायचं मावशीच्या मनात कसं आलं, ते मला माहीत आहे, कारण मी तिथंच होते. प्रचाराची एक गाडी वस्तीत आली होती. मावशीनं शाळेतल्या पाण्याचं विचारलं, तर गाडीतला माणूस म्हणाला, "बाई, तुमच्या मालकाला पाठवा, त्यांच्याशी बोलतो." गाडी गेल्यावर मावशी मला म्हणाली, "पुढच्या खेपेला मशीनवर माझं नाव पाहिजे. निवडून न्हाई येणार, मला ठाऊक हाय. पण बटनापशी एक नाव असं पाहिजे की ज्याला मालक इचारता येत न्हाई." आणि पुढची पाच वर्षं ती हे विसरली नाही.

अपक्ष उमेदवाराला दहा सूचक लागतात, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवणारे मतदार. अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोर उमटवावा लागतो, सही असली तर गावात बसून केलेली चालते. आपल्या बायका सही करतात याचा मावशीला कोण अभिमान! दहाही जणी तिच्याच दारावर शिकलेल्या. अर्ज मी भरला. मतदार यादीतली नावं आणि क्रमांक नीट उतरवून काढले आणि समोर सह्या घेतल्या. शेवटच्या दिवशी आम्ही दोघी परभणीला गेलो. टेबलावरच्या कारकुनानं माझ्या चष्म्याकडे बघून विचारलं, "उमेदवार तुम्ही का मॅडम?" मी मावशीकडे बोट दाखवलं. त्यांनी तिच्या मागे कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं. मग शपथपत्र उलटून म्हणाले, "पतीच्या मिळकतीचा रकाना रिकामा आहे. रिकामा चालत नाही."

"तो कुठं हाय तेच माहीत न्हाई साहेब, तर त्याच्याजवळ काय हाय ते कसं लिहू?"

"मग 'माहीत नाही' असं लिहा. पण लिहा."

"पंचवीस वर्षं लोकायला हेच सांगायलेय," मावशी म्हणाली, "आज सरकारला बी सांगते." कारकून हसले आणि त्यांनी स्वतःचं पेन पुढं केलं. तीन वाजायच्या आत अर्ज दाखल झाला. परतीच्या वाटेवर पिंगळी गाव मागं पडेपर्यंत मावशी पोचपावती हातात धरून बसली होती.

छाननीत दुसऱ्या एका उमेदवाराच्या वकिलांनी हरकत घेतली. यादीत निर्मला, सही गया. यादीत सुमन, सही सखू. अशा चार. यादी मी उतरवली होती, सह्या माझ्यासमोर झाल्या होत्या… आणि मी त्या वाचल्याच नव्हत्या. माझ्यासाठी ती आईची सही होती, बस्स. अधिकारी समजूतदार होते. म्हणाले, "या चौघींना उद्या अकरापर्यंत आणा. सही आपलीच आहे असं त्यांनी समोर सांगितलं तर मी अर्ज नाकारणार नाही."

सकाळी गावातून जीप निघाली, त्यात तिघी होत्या. आई नव्हती. माझं कॉलेज हरकत घेणाऱ्या उमेदवाराच्याच संस्थेचं. तिघींनी सांगितलं, आदल्या संध्याकाळी माझे चुलते घरी येऊन तिला एवढंच म्हणाले होते, "वहिनी, सुजाताचं कॉलेज कुणाचं हाय ते माहीत हाय ना? पोरीची नोकरी ठेवायची का घालवायची ते तुमी ठरवा." तिघींनी जबाब दिले. सखूबाई तर ठणकावून म्हणाली, "यादीत हाय ती माझ्या सासूची सून. सही करणारी मी." कुणीतरी हसलं. अधिकारी हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. मी आईला फोन लावत होते, तो वाजत होता. अकरा वाजले. मावशीनं आणखी थोडा वेळ मागितला, तो मिळाला. मग तोही संपला. नऊ सूचक झाले. अर्ज बाद.

बाहेर कडुनिंबाखाली मी रडायला लागले तेव्हा मावशी म्हणाली, "गयाला कायबी बोलायचं न्हाई. तिनं तुझ्यासाठी केलं. मी तुला कॉलेजात नेलं ते तरी कशासाठी नेलं होतं?"

मी आईला काही बोलले नाही. मावशीही बोलली नाही. पण आई मावशीच्या घराकडे फिरकेना. पाण्याला जाताना लांबून वळसा घ्यायची. मावशीनं मात्र दुसऱ्याच आठवड्यात वर्ग पुन्हा सुरू केला. पुढच्या खेपेला घोटाळा नको म्हणून त्या चौघींची माहेरची नावं एकाखाली एक लिहिली आणि समोर यादीतलं नाव गिरवायला लावलं. मी गावी गेले की म्हणायची, "तिघींचं पक्कं झालंय. एकीचं राहिलंय. येईल ती." आईची जागा ती पुसत नव्हती, दुसऱ्या कुणाला देतही नव्हती.

मावशीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक पांगले. आई मावशीच्या खोलीत एकटीच राहिली, म्हणून मी मागं गेले. तिनं दार आतून ओढून घेतलं होतं. काळ्या दारावर खडूची अक्षरं तशीच होती. सखू, समोर सुमन. खालच्या दोघींचीही तशीच. आणि सगळ्यांत वर मावशीच्या हातचं 'गया', त्याच्या समोर काहीच नाही. आईनं कोनाड्यातला खडू घेतला. तिला ते नाव लिहिता येत नव्हतं. मी बोटानं हवेत अक्षरं दाखवत गेले आणि ती लिहीत गेली. रफार दोनदा चुकला, दोनदा तिनं तळहातानं पुसला. मग मागं सरकून तिनं दोन्ही नावं एकदा पाहिली.

"आता जुळलं का गं?" तिनं विचारलं.

"जुळलं," मी म्हणाले.

आईनं खडू पुन्हा मावशीच्या कोनाड्यात ठेवला. खोलीची किल्ली आता आईकडे असते. दार उघडताना ती ते कडेला धरून उघडते, अक्षरांना हात लागू देत नाही.