परत या

मानवतच्या आमच्या व्यापारी मंडळात दर रविवारी नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींचा मोफत वर्ग भरतो. मी तिथं अर्ज लिहायला शिकवतो. मुलाखतीचा सराव मात्र एक हार्डवेअरवाले घेतात. अंगात इस्त्रीचा सफारी, मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलेलं, आणि तोंडात एकच वाक्य, "परत या." पोरं दाराबाहेर चपला काढून आत येतात. मान खाली असली, परत या. खुर्ची खरडली, परत या. पेडगावच्या एका पोराला त्यांनी सात-आठ वेळा आत-बाहेर करायला लावलं आणि शेवटी स्वतः उठून त्याच्याशी हात मिळवला. त्या दिवशी मला ते आवडले होते.

"शेवटी आपणबी एक सवाल विचारायचा," असं ते सगळ्यांना सांगतात. "भ्यायचं न्हाई."

गेल्या रविवारी एका मुलीची मुलाखत फार छान झाली. शेवटी तिनं विचारलं, "काका, तुमच्या दुकानावर बिलं करायला माणूस पाहिजे अशी पाटी हाय. मी येऊ का?"

पार मागच्या बाकावर मला शब्द न् शब्द ऐकू आला.

त्यांनी घड्याळ उचलून मनगटावर बांधलं.

"आवाज पोचला न्हाई," ते म्हणाले. "बाहेर जाऊन परत या."

ती उठली, खुर्ची न खरडता जागेवर ठेवली आणि बाहेर गेली. दाराबाहेर चपला घातल्याचा आवाज आला, मग जिना उतरल्याचा.