ड्रमातली ओल

वडील गेल्यावर मी आईला जानेफळहून बुलढाण्याला घेऊन आले. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी शाळेत, नवरा कोर्टात कारकून. दिवसभर घरात एकटी बसून आई मुकी होत चालली होती. जेवायला हाक मारली तरी ‘भूक नाही’ एवढंच म्हणायची. मग नवऱ्यानं एक निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, त्याला खाली भोकं पाडली आणि गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला ठेवला. भाजीची देठं, केळीची सालं त्यात टाकून खत करायचं. गावी उकिरडा सांभाळलेली आई दुसऱ्याच दिवशी त्या ड्रमाची मालकीण झाली. काठीनं हलवायची, वास घ्यायची, जेवतानाही त्याच्याबद्दल बोलायची. मला हायसं वाटलं.

भादव्यात पावसानं उघडीप दिली आणि नेमका तेव्हाच ड्रम बिघडला. झाकण उघडलं की आंबूस वास नाकात घुसायचा. चिलटांचा थवा तोंडावर यायचा. आत करड्या, चपट्या अळ्या वळवळत होत्या. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगितलं होतं, मूठभर खत दाबलं तर जेमतेम ओल जाणवावी. माझ्या मुठीतून धार लागली. वर पत्रा, पाऊस नाही, मग एवढं पाणी येतं कुठून? मी जुने पेपर फाडून घातले, कडुलिंबाचा पाला घातला, झाकणाखाली सुती कापड बांधलं. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा चिखल.

खाली घरमालकीणबाईंची लेक बाळंतपणाला आलेली. बाळ दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, एवढंसं. डॉक्टरांनी स्वच्छतेबद्दल बजावलं होतं. मी रोज शाळेत जाण्याआधी झाडू घेऊन जिना पाहायची. एखादी अळी पायरीवर दिसली की खालपर्यंत सगळा जिना झाडून काढायची. शिकवतानाही डोक्यात तेच: एखादी खाली पोचली तर?

एका रविवारी सकाळी मालकीणबाई वर आल्या. हातात बाळाचं दुपटं होतं. त्यावर तपकिरी डाग.

“मॅडम, हे पाहा बरं. वरून पाइपातून घाण पाणी गळून राह्यलं. अन् दोरीवरच्या लंगोटावर अळी चालून राह्यली होती.”

मी दुपटं हातात घेतलं.

“मी भांडाले नाही आली,” त्या म्हणाल्या. “पण लेकरू नाजूक आहे. तो ड्रम काढून टाका.”

“आजच काढते,” मी म्हणाले.

आई दारात उभी होती. दुपारी तिनं ताटाला हात लावला नाही. मला ड्रम रिकामा करवेना. “दोन-चार दिवस थांबू,” नवरा म्हणाला, “तोवर पाइपापासून दूर सरकवू, खाली घमेलं ठेवू.” मी खाली जाऊन मालकीणबाईंकडून मुदत मागून घेतली. त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही.

त्याच आठवड्यात शाळा लवकर सुटली. घरी आले तर आई गच्चीवर. ड्रमात तांब्याभर पाणी ओतत होती. मी जिन्यातच थांबले. तिनं झाकण लावलं, नळापाशी जाऊन तांब्या खाली ठेवला, पदराला हात पुसले. क्षणभर गच्चीवरच्या कपड्यांच्या दोरीकडे पाहत राहिली. मग वाकून तांब्या उचलला, नळाखाली भरला आणि परत ड्रमाकडे निघाली.

“आई, आत्ताच तर टाकलं ना पाणी!”

“मी? नाही वं. सकाळपासून थेंब नाही टाकला म्या.” ती माझ्याकडे आश्चर्यानं पाहू लागली. “कोरडं पडलं असंन ते. त्यालेही तहान लागते, बाप्पा.”

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या पायाजवळची फरशी ओली होती, आणि ती दिसत असूनही तिला त्यावरून काही आठवत नव्हतं. इतके दिवस मी अळ्यांना घाबरत होते. आता एकेक गोष्ट आठवू लागली: भाजीत दोनदा पडलेलं मीठ, उघडा राहिलेला गॅस, वडील शेतातून आले का म्हणून एकदा विचारलेलं. मी ते दुःख समजून सोडून दिलं होतं.

डॉक्टरांनी तिला बरेच प्रश्न विचारले. आजचा वार तिला सांगता आला नाही. बाहेर आल्यावर ते आम्हाला म्हणाले, गोळ्या चालू करू, पण हा विसरण्याचा आजार हळूहळू वाढेल. हाताला रोजचं काम असू द्या.

मी गच्चीवरचा नळ खालून बंद केला, तर आई स्वयंपाकघरातून तांब्या भरून नेऊ लागली. शेवटी नवऱ्यानं साखरखेर्ड्याच्या त्याच्या मित्राकडून सोयाबीनच्या कुटाराचं पोतं आणलं. तो वाळका भुसा टोपलीत भरून ड्रमाशेजारी ठेवला.

“आई, आता याले पाणी नको,” तो म्हणाला. “मूठ मूठ कुटार टाकत जा.”

“हाव, ते बरं,” ती म्हणाली.

विसरून कितीदाही टाकलं तरी कुटारानं बिघडत नव्हतं. वास गेला, मग अळ्याही हटल्या. मालकीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “दुपारी मी घरीच असतो. मधून मधून वर येऊन पाहीन त्यांच्याकडे.” ड्रमाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आता ड्रम इतका कोरडा होतो की त्यात मुंग्या होतात. आई आंघोळीला गेली की मीच गुपचूप थोडं पाणी शिंपडते, मुठीत दाबून पाहते. मग गॅसची टाकी बंद करून शाळेला निघते. मधल्या सुटीत फोन लावते. दोन-तीन रिंग वाजेपर्यंत मी त्या मोजत राहते. तिकडून आई म्हणते, “काय वं, आज लवकर निघतं का तू?” आणि तेवढ्यावर मी पुढचे तास घेते.