परक्या पोरांच्या गाठी

लेकीच्या जबड्याखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. मी मोबाइलवर नको ते सगळं वाचलं आणि सदाशिव पेठेतल्या बालरोगतज्ज्ञांकडे धावले. बाहेर बाकावर माझ्या शेजारी मांजरी गावाहून नातवाला घेऊन आलेल्या एक आजी बसल्या होत्या. माझा हात सारखा लेकीच्या मानेकडे जाताना त्यांनी पाहिला.

“सर्दी झाली व्हती का?”

“हो, मागच्या आठवड्यात.”

पेरू पारखावा तशी त्यांनी दोन बोटांनी गाठ चाचपली. “मऊ हाय. हलतीया. गाठ हलतीया तवर आपण हलायचं न्हाई.”

ते ऐकून आणखी दोन आयांनी आपापली पोरं त्यांच्यापुढे उभी केली. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, “अहो आजी, डॉक्टर आत आहेत.”

“असू द्या की! तेवढंच त्यांचं काम हलकं.”

आमचा नंबर आला. डॉक्टर म्हणाले, गाठ सर्दीमुळे सुजली आहे, ओसरेल. वाढली तर मात्र लगेच दाखवा. मी हसत बाहेर आले, तोच आजींच्या नातवाचं नाव पुकारलं. आजी उठेचनात. त्यांनी माझा दंड धरला.

“तू बी चल की आत, बाई. ह्याच्या बी गळ्याला गाठ हाय. पर हात लावायचं माझं धाडसच व्हईना.”

परक्या पोरांच्या मानांवर ऐटीत फिरलेली ती बोटं आता माझा दंड सोडत नव्हती. मी त्यांच्याबरोबर आत गेले.

“दाढ किडली आहे, त्यामुळे गाठ आलीय,” डॉक्टर म्हणाले. “दातांच्या डॉक्टरांना दाखवा.”

आजी डोळे पुसत बाहेर आल्या आणि सगळ्यांना सांगत सुटल्या, “दाढ किडलीया! नुसती दाढ!”