पुळणीचा नकाशा

तुम्ही शेवटची जी रिकामी, स्वच्छ, कुणीच न बिघडवलेली जागा पाहिलीत, तिचा पत्ता किती जणांना दिलात?

मी दोनशे जणांना दिला. छापून दिला, नकाशासकट.

दिल्लीत नदीलाही सीझन असतो. छठपूजेला लोक जातात, पूर्वी विसर्जनाला जायचे. उरलेलं वर्षभर पुलावर गाडी आली की काचा वर करायच्या आणि नाकाला रुमाल लावायचा. माझा जन्म इथला. यमुना म्हणजे एक वास, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं. शहराची घाण मिसळण्याआधी, वरच्या अंगाला, तीच नदी निळसर असते आणि तिच्या कडेला पांढरी वाळू असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता वाटतं, बरं झालं सांगितलं नव्हतं.

होळीनंतरच्या रविवारी मी तिथे गेले ती भांडायच्या तयारीने. नदीपात्रातून वाळू उपसून नेतात असं ऐकलं होतं, त्यावर पत्रक काढायचं होतं. मुनिरक्याच्या खोलीतून निघाले, तर आईचा फरीदाबादहून फोन आला. "तुझे बाबा पेन्शनरांच्या मीटिंगला गेलेत. मी एकटी काय करू? येते मी." आईच्या सरकारी नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. ती कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावात वाढलेली, आणि लग्न होऊन आली ती थेट सरकारी क्वार्टरमध्ये. समुद्राचा विषय तिने माझ्यासमोर कधी काढला नव्हता.

मेट्रो, मग ई-रिक्षा, मग बाभळींमधून पायवाट. वाट संपली आणि समोर वाळू. मैलभर तरी असेल. माणूस नाही, प्लास्टिक नाही, वास नाही. वाऱ्याने वाळूवर पडलेल्या रेघा तशाच होत्या.

आई थांबली. तिने चपला काढून हातात घेतल्या.

"अगं, ही तर पुळण आहे," ती म्हणाली.

किनाऱ्यावरच्या वाळूसाठीचा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरचं मराठी म्हणजे निम्मं 'अच्छा' आणि 'चलो'. आई मात्र एखादी ओळखीची बाई भेटावी तशी चालू लागली, पाण्याच्या दिशेने, जवळजवळ पळतच. तिचे गुडघे दुखतात हे ती विसरली होती.

"ओ बहनजी! पाँव देख के!"

एक म्हातारी दोन मडकी घेऊन पाण्याकडून येत होती. आईच्या पावलापुढे वीतभर अंतरावर वाळूतल्या खळग्यात तीन अंडी होती. वाळूच्याच रंगाची. भोवती चार काड्या रोवलेल्या आणि एका काडीला लाल चिंधी.

ती म्हातारी, सगळे तिला अम्मा म्हणायचे, दरवर्षी पूर ओसरला की त्या वाळूत काकडी आणि टरबुजं लावायची. पाणी घालताना अंड्यांवर पाय पडू नये म्हणून प्रत्येक घरट्याला तिने चिंधी बांधली होती. मान वर केली तेव्हा पाखरं दिसली: करडी पाठ, काळी टोपी, पिवळी चोच.

"सुरय!" आई म्हणाली. "आमच्या समुद्रावरचा सुरय इकडे कुठे आला?"

अम्माने आम्हाला झोपडीपाशी बसवलं आणि गंमत दाखवली. ऊन चढलं की पाखरू नदीत पोट भिजवून येतं आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतं. पुन्हा जातं, पुन्हा भिजून येतं. दुपारभर हेच. "कोई पास खड़ा हो तो नहीं आती," अम्मा म्हणाली. "फिर अंडा धूप में पक जाता है. बस, खतम."

मी वाळूच्या ट्रकांबद्दल विचारलं. दोन माणसं येऊन पात्र मोजून गेली होती. पण वाळू इतकी मऊ की ट्रक आत येताना रुतत होता. "जब तक रास्ता नहीं, तब तक हम हैं," ती म्हणाली. मग माझ्या वहीकडे बघून, "तू अखबारवाली है?"

"नहीं अम्मा, मैं पर्चे लिखती हूँ."

"पर्चे से क्या होता है?"

मी दहा मिनिटं बोलले. जनमत, दबाव, हक्क, सगळं. तिने शांतपणे ऐकलं आणि एक काकडी माझ्या हातात दिली. "ले, खा ले. गला सूख गया होगा."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

परतताना रिक्षात मात्र ती गंभीर झाली. "लिही, पण जागा लिहू नकोस. आमच्याकडे पुळणीवर कासवं यायची. अंडी कुठे आहेत ते गावातल्यांना माहीत असायचं, पण पाहुण्याला कुणी सांगत नसे. कितीही जवळचा पाहुणा असो."

"आई, लपवून काही वाचत नाही," मी म्हणाले. मला त्या वाक्याचा अभिमानही वाटला.

माझं बालपण पत्रकांवर गेलं आहे. बाबा कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहायचे. घरी गठ्ठे यायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. लोकांना कळत नाही म्हणून अन्याय टिकतो, कळलं की संपतो, ही आमच्या घरची श्रद्धा. दुसऱ्या घरांत देव्हारा असतो, आमच्याकडे ही होती.

मजकूर मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. "छान," ते म्हणाले. "पण ठिकाण कुठाय? ठिकाण आणि कसं यायचं ते नसेल तर त्याला पत्रक म्हणत नाहीत. लोक हळहळतील आणि श्रीखंड खातील."

श्रीखंड यासाठी, की पाडव्याला दिल्लीतल्या मराठी लोकांचा कार्यक्रम होता आणि पत्रक तिथे वाटायचं होतं. मी खालच्या कोपऱ्यात नकाशा काढला. मेट्रो स्टेशन, रिक्षाचा थांबा, बाभळी, बाण. वर ठळक अक्षरांत, 'ही पुळण वाचवा. एकदा येऊन बघा.' त्या शब्दासाठी मी आईला श्रेयही दिलं नाही.

लोकांनी पत्रक खरोखर वाचलं. गुडगावच्या कुणीतरी त्याचा फोटो काढला, कुणीतरी हिंदी केलं, आणि दोन दिवसांत ते मलाच तीन ग्रुपवरून परत आलं. मी बाबांना म्हणाले, "बघा." ते म्हणाले, "बघतोय." आम्ही दोघं किती खूश होतो!

पाडव्यानंतरचा दुसरा रविवार. बाभळींपाशीच मला गाड्या दिसल्या. एक वाळूत रुतली होती आणि चारजण तिच्या चाकांखाली विटा घालत होते. विटा कुठून आणल्या कोण जाणे. पुढे तर विटा आणि तोडलेल्या फांद्यांची चांगली वाटच तयार झाली होती, थेट पाण्यापर्यंत.

एक ओळखीचा चेहरा माझ्याकडे धावत आला. आयटीतला माणूस, पाडव्याला माझ्या पंगतीत होता. हातात माझं पत्रक.

"अरे, तूच ना ती! थँक यू यार! पोरांनी जन्मात पहिल्यांदा अशी वाळू बघितली. बिल्कुल गुहागर, आणि दीड तासात!"

मला हे लिहायला हवं की ती वाईट माणसं नव्हती. त्यांनी सोबत कचऱ्याच्या पिशव्या आणल्या होत्या. गाणी लावली नव्हती. मुलांना दटावत होती, "चिंधीच्या आत जायचं नाही हं." आणि त्या चिंध्यांभोवती, अदबीने, दोन हातांवर, गोल करून उभी होती. दुपारचे बारा वाजले होते. वर पाखरं ओरडत घिरट्या घालत होती. त्यांची पोटं भिजलेली असणार.

"मागे व्हा!" मी ओरडले. "सगळे मागे व्हा, अंडी उन्हात शिजतायत!"

"पाच मिनिटं, एक फोटो फक्त," कुणीतरी म्हणालं. एक बाई दुखावून म्हणाली, "अगं, आम्ही वाचवायलाच आलोय. तूच लिहिलंयस ना, येऊन बघा?"

मी हात पसरून एकेकाला मागे ढकलत राहिले. ते एका घरट्यापासून हटले की दुसऱ्यापाशी नवे लोक उभे. अम्मा झोपडीच्या दारात बसली होती. मी जवळ गेले, तर तिने मला शिव्या दिल्या नाहीत. "तेरे पर्चे से बहुत कुछ होता है, बिटिया," एवढंच म्हणाली. यावेळी काकडी नव्हती. तिच्या वेलांवरून वाट गेली होती.

मे महिन्यात गेले तेव्हा माणसं नव्हती. ऊन फार झालं होतं आणि लोकांना नवी जागा मिळाली होती. विटांची वाट मात्र पक्की होती आणि तिच्यावर ट्रकच्या चाकांचे खोल चर होते. ट्रकांची अडचण तेवढीच होती, ती आम्ही दूर केली. झोपडीच्या जागी मोठा खड्डा, त्यात हिरवं पाणी. मी तक्रारी लिहिल्या, तीन कचेऱ्यांत नेऊन दिल्या. एका ठिकाणी पोच मिळाली. रिक्षावाल्याला अम्माबद्दल विचारलं. "लड़की के यहाँ गई, ग़ाज़ियाबाद की तरफ," तो म्हणाला. "पर्चा आपका ही था न? सवारी बहुत मिली, मैडम."

फरीदाबादला जाऊन मी हे सांगितलं तेव्हा बाबांनी पत्रक काढून खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "नियम माझा होता." आईच्या चपलांच्या पट्ट्यांत अजून ती वाळू अडकलेली होती, तिने ती झटकली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात पूर आला. पाण्याने खड्डा बुजवला आणि थोड्या अंतरावर नवी पुळण घातली. मी फेब्रुवारीत लांबच्या बंधाऱ्यावर उभी राहून पाहिली, खाली उतरले नाही. पाच-सहा सुरय होते. काड्या आणि लाल चिंध्या नव्हत्या. त्या बांधणारं तिथे आता कुणी नाही. पुरातूनही टिकलेली विटांची वाट नव्या वाळूच्या अगदी तोंडापर्यंत जाते. ती पाखरं यंदा टिकतील असं मला वाटत नाही. तुम्हाला धीर देण्यासाठी मी खोटं लिहिणार नाही.

त्याच आठवड्यात एका ग्रुपवर माझ्या पत्रकाचा फोटो पुन्हा फिरायला लागला. खाली लिहिलं होतं, 'लाँग वीकेंड आहे, चलो?'

दोनशे कागद मी परत गोळा करू शकत नाही, पण तुम्ही एक करू शकता. घरात ते पत्रक असेल तर फाडा, खालच्या कोपऱ्यापासून, जिथे बाण आहे तिथून. फोनमधल्या फोटोंत 'पुळण वाचवा' लिहिलेलं पत्रक शोधा. सापडलं तर पुसून टाका, आणि ज्याने पाठवलं त्यालाही पुसायला सांगा. जागा कुठे आहे ते त्याला विचारू नका.

हे उद्यावर टाकू नका. अंडी घालायचे दिवस सुरू झाले आहेत.